समुद्रतळावरचं बिऱ्हाड

समुद्राच्या तळाशी एक भलीमोठी प्रयोगशाळा आहे. तिथे संशोधक आहेत, पाणबुड्या आहेत, यंत्रं आहेत, आणि संशोधन सोडून बाकी सगळं चालू आहे. कॅप्टन मर्फी नावाचा पांढऱ्या केसांचा प्रमुख सात वर्षांच्या पोरासारखा हट्टी आहे. डॉक्टर क्विन हा एकटाच हुशार, त्यामुळे त्याचं कुणी ऐकत नाही. स्टॉर्मी नावाचा देखणा गडी अकलेने पार शून्य. हेश नावाचा एकजण स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणतच नाही, 'हेशला भूक लागली' असलं बोलतो. एका भागात कॅप्टनच्या अंगावर शीतपेयाचं मशीन पडतं आणि तो त्याखाली अडकून बसतो, बाकीचे निघून गेलेले. सोबतीला कोण, तर एक विंचू! दुसऱ्या एका भागात ही मंडळी आपले मेंदू काढून यंत्रमानवात बसवावेत का यावर तावातावाने वाद घालत बसतात. अनेक भागांच्या शेवटी अख्ख्या प्रयोगशाळेचा स्फोट होतो आणि पुढच्या भागात ती जशीच्या तशी उभी असते. त्याबद्दल अवाक्षर नाही.

ही मालिका म्हणजे 'सीलॅब २०२१'. अमेरिकेत कार्टून नेटवर्कच्या रात्रीच्या 'अ‍ॅडल्ट स्विम' विभागात ती २००५ सालापर्यंत चालली. भाग अकरा-बारा मिनिटांचे. कार्टून म्हणजे लहान मुलांचं, असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांना ही दाखवू नये, उगाच वाद होतात.

नुसती करमणूक म्हणून बघायला ती पुरेशी आहे. पण या मालिकेच्या पोटात दुसरी एक मालिका आहे, आणि त्या मालिकेच्या पोटात एक खरीखुरी प्रयोगशाळा. खरी माणसं, खरा समुद्र, आणि एक खरा मृत्यू. तिथपासूनच सुरुवात करू.

जॉर्ज बॉन्ड हा नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगराळ भागातला खेड्यातला डॉक्टर. नंतर तो अमेरिकन नौदलात गेला आणि पाणबुड्यांचा डॉक्टर झाला. त्याच्या डोक्याने एक गोष्ट घेतली होती. पाण्याखाली खोल गेलेल्या माणसाच्या रक्तात आणि मांसात दाबामुळे वायू मुरतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्या वायूचे बुडबुडे होतात, आणि ते जीव घेऊ शकतात. म्हणून थांबत थांबत वर यायचं. अर्धा तास काम करायचं आणि त्यापायी कित्येक तास वर येण्यात घालवायचे, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार होता. बॉन्डचं म्हणणं असं, की वायू मुरायला काही मर्यादा असणारच. लोणच्यातल्या फोडीत मीठ मुरतं. एकदा पुरतं मुरलं की बरणी महिनाभर ठेवा नाहीतर वर्षभर, फोड त्याहून जास्त खारट होत नाही. तसंच माणसाचं. साधारण एका दिवसात शरीर भरतं. मग तो खाली दोन दिवस राहो की दोन महिने, वर यायला वेळ तेवढाच! म्हणजे पुन्हा पुन्हा वरखाली करण्यापेक्षा खालीच बिऱ्हाड केलेलं बरं.

हे सिद्ध करायला त्याने १९५७ सालापासून आधी उंदीर, मग शेळ्या, माकडं आणि शेवटी माणसं दाबाच्या टाकीत ठेवून पाहिली. या प्रकल्पाला त्याने बायबलातलं 'जेनेसिस' हे नाव दिलं होतं. दरम्यान फ्रान्समध्ये कूस्तोने बाजी मारली. १९६२ साली मार्सेलजवळ दोन माणसं आठवडाभर दहा मीटर खोलीवर राहिली, आणि १९६३ साली सुदानच्या किनाऱ्यापाशी तांबड्या समुद्रात त्याने महिनाभराचं छोटं गावच वसवलं. सोबत एक पोपटही होता. (फ्रेंच ते फ्रेंचच.) त्यावरच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

अमेरिकन नौदलाची पहिली 'सीलॅब' जुलै १९६४ मध्ये बर्म्युडाजवळ १९२ फुटांवर उतरली. चारजण अकरा दिवस राहिले. बेत तीन आठवड्यांचा होता, पण वादळ येऊ लागलं म्हणून आवरतं घेतलं. तरी बॉन्डचा सिद्धांत खरा ठरला होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६५ मध्ये, कॅलिफोर्नियात ला होयाजवळ २०५ फुटांवर 'सीलॅब २' उतरवली. या वेळी दहा-दहा जणांच्या तीन तुकड्या, प्रत्येकी पंधरा दिवस. स्कॉट कार्पेंटर हा मात्र सलग तीस दिवस राहिला. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा दुसरा अमेरिकन अंतराळवीर तो हाच.

'सीलॅब २' बद्दल वाचताना मला पदोपदी ते कार्टून आठवत राहतं. ५७ फूट लांब आणि १२ फूट रुंद असा तो लोखंडी डबा. म्हणजे आपल्या एसटीच्या दोन गाड्या मागेपुढे लावल्या तर त्याहूनही कमी लांबी, आणि त्यात दहा पुरुष. डबा समुद्रतळावर सरळ टेकला नव्हता, तिरका बसला होता. त्यामुळे भांडी घसरायची, माणसं तिरकी झोपायची. त्यांनी त्या जागेला 'कलतं हिल्टन' अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. वरून टपाल आणि हत्यारं घेऊन येणारा पोस्टमन म्हणजे टफी नावाचा डॉल्फिन. दिव्यांच्या उजेडाला विंचूमासे जमायचे, आणि त्यातल्या एकाने खुद्द कार्पेंटरला डंख मारला. वर आकाशात जेमिनी ५ यानात गॉर्डन कूपर फिरत होता. त्याच्याशी कार्पेंटर समुद्रतळावरून फोनवर बोलला. एक माणूस पृथ्वीच्या बाहेर, एक पाण्याच्या आत, आणि दोघे काय बोलणार? ख्यालीखुशाली.

पण सगळ्यात मोठा विनोद हेलियमचा. इतक्या दाबाखाली साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो, म्हणून श्वासासाठी बहुतांश हेलियम भरलेलं मिश्रण वापरतात. हेलियममध्ये माणसाचा आवाज बदकासारखा किरटा होतो. तीस दिवस पूर्ण करून कार्पेंटर वर आल्यावर दाबाच्या टाकीत बसलेला असताना त्याला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याशी बोलायचं होतं. त्या फोनचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. इकडून बदकाचा आवाज, तिकडे ऑपरेटर गोंधळलेली, आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्ष अत्यंत गंभीरपणे देशाच्या वतीने अभिनंदन करतायत. कार्पेंटर काय बोलतोय यातलं त्यांना बहुधा काहीच कळत नसावं. तरी दोघेही आपापली वाक्यं पूर्ण करतात. असला प्रसंग कुणी लिहिला असता तर 'फारच ओढूनताणून आहे' म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

यातली माणसं हास्यास्पद होती असं मुळीच नाही. ती कमालीची धाडसी होती. पण डबा, दाब आणि किरटा आवाज यांना धाडसाशी काही देणंघेणं नसतं.

'सीलॅब ३' फेब्रुवारी १९६९ मध्ये सान क्लेमेंटी बेटाजवळ उतरवली, एकदम ६१० फुटांवर. आधीच्या तिप्पट खोल. पैसे जास्त लागले होते, वेळापत्रक घसरलं होतं, वरून दडपण होतं. रिकामी प्रयोगशाळा तळाशी पोचली आणि तिच्यातून हेलियम गळतंय असं लक्षात आलं. गळती थांबवायला पाणबुडे खाली पाठवले. हेलियम शरीरातली ऊब फार झपाट्याने ओढून नेतो, त्यात तळाचं पाणी बर्फासारखं. दरवाजा उघडेना. थंडीने काकडलेली माणसं परत आली, आणि पुरेशी विश्रांती न होताच पुन्हा खाली गेली. त्या दुसऱ्या खेपेला, १७ फेब्रुवारीला, बेरी कॅनन हा पाणबुडा तडफडून मेला.

चौकशी झाली. पाणबुड्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी त्याच्या श्वसनयंत्रात रसायनाची एक डबी असते. चार यंत्रांपैकी एकातली डबी रिकामी निघाली. अधिकृत निष्कर्ष असा, की कॅननचा जीव त्या रिकाम्या डबीने घेतला. या निष्कर्षावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. पण डबी रिकामी होती हे खरंच, आणि ती भरायची कुणीतरी राहून गेली हेही खरं. बॉन्डने बारा वर्षं रचलेल्या सिद्धांतात चूक नव्हती. शेवटच्या माणसाने शेवटची वस्तू तपासली नाही, एवढंच.

'सीलॅब' प्रकल्प तिथेच गुंडाळला. पाच महिन्यांनी माणूस चंद्रावर उतरला आणि समुद्रतळाची आठवण कुणाला राहिली नाही. खरं तर ती विद्या मेली नव्हती, अंधारात गेली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाच्या याच तंत्रात तयार झालेल्या पाणबुड्यांनी ओखोत्स्कच्या समुद्रात तळाशी उतरून सोव्हिएत लष्कराच्या टेलिफोनच्या तारेला चोरकान लावला. बाहेर तोंड उघडायचीही सोय नव्हती. आणि उघड्यावर ही विद्या वापरली तेलकंपन्यांनी. आपल्या मुंबईपासून पश्चिमेला, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रातही नळांची, जोडांची कामं करायला याच पद्धतीने पाणबुडे उतरतात. फरक एवढाच की बिऱ्हाड आता तळाशी नसतं. जहाजाच्या डेकवर दाबाची टाकी असते, तिच्यात ही माणसं आठवडेच्या आठवडे राहतात. कामाला जाताना घंटेच्या आकाराच्या पाळण्यातून खाली, काम झालं की तसंच दाबासकट वर. राहणं वर आणि कामाला खाली! बॉन्डच्या लोणच्याचा सिद्धांत पूर्ण खरा ठरला, फक्त बरणी बोटीवर आली. माणसाने समुद्रतळावर घर करावं हा जो त्यातला काव्याचा भाग होता, तेवढा गळला.

तो काव्याचा भाग उचलला हॅना-बार्बेरा यांनी.

ही जोडी आपल्याला नवी नाही. 'टॉम अँड जेरी' यांनीच घडवलं. त्यांचा स्टुडिओ एमजीएमने १९५७ साली बंद केल्यावर त्यांनी टीव्हीसाठी स्वस्तातली चित्रमालिका करायचं तंत्र बसवलं. सगळी आकृती पुन्हा पुन्हा काढायची नाही. धड तसंच ठेवायचं, फक्त ओठ हलवायचे, फार तर एक हात. योगी बेअरच्या गळ्यात टाय असतो तो याचसाठी. तिथे डोकं आणि धड यांचा जोड लपतो, म्हणजे नुसतं डोकं बदललं तरी चालतं. आमच्या पिढीने १९९५ नंतर भारतात कार्टून नेटवर्कवर हे सगळं पोटभर पाहिलं. संध्याकाळ सरली की त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी सिनेमे लागायचे आणि घरात कुरकूर सुरू व्हायची, ते अनेकांना आठवत असेल.

सप्टेंबर १९७२ मध्ये एनबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी हॅना-बार्बेरांची 'सीलॅब २०२०' सुरू झाली. म्हणजे कॅननच्या मृत्यूनंतर साडेतीन वर्षांनी. खरा प्रकल्प बंद पडला होता, पण कार्टूनमध्ये तो अठ्ठेचाळीस वर्षं पुढे जाऊन भरभराटीला आला होता. समुद्रातल्या एका पर्वताच्या माथ्यावर अडीचशे माणसांची वसाहत, बायकामुलांसकट. रेखाटनं अ‍ॅलेक्स टोथ या अव्वल चित्रकाराची. कॅप्टन मर्फी शहाणा आणि पोक्त. मुख्य शास्त्रज्ञ पॉल विल्यम्स हा अमेरिकेतल्या मूळ चिनूक जमातीचा, ही त्या काळातल्या मुलांच्या कार्टूनसाठी साधी गोष्ट नव्हती. खलनायक जवळजवळ नाहीतच. धोका कशाचा, तर समुद्रात टाकलेल्या किरणोत्सारी कचऱ्याचा, तेलाचा, माणसाच्या हावरेपणाचा.

मालिका अतिशय सज्जन आहे. आणि, काय करणार, अतिशय कंटाळवाणी आहे. सगळे सगळ्यांशी शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं बोलतात. तेरा भाग दाखवून डिसेंबरात ती संपली. पण तिचा प्रामाणिकपणा नाकारता येत नाही. समुद्रात कचरा टाकू नका, हे तिने १९७२ साली मुलांना सांगितलं. आज त्या समुद्राचं काय झालंय ते वर्सोव्याच्या किनाऱ्यावर भरतीनंतर एक चक्कर मारली तरी दिसतं.

माझ्या मते तिची खरी उणीव कंटाळवाणेपणा ही नव्हे. अडीचशे माणसं एका बंद डब्यात राहतायत आणि कुणी कुणावर वैतागत नाही! कुणाची डबी भरायची राहत नाही. 'सीलॅब' वर माणूस का मेला याचा या मालिकेने विचारच केला नाही. चाळीत राहिलेला कुणीही माणूस सांगेल, की पाण्याच्या दाबापेक्षा शेजाऱ्याचा दाब जास्त असतो.

आता तिसरा मजला. १९९१ साली टर्नरच्या कंपनीने हॅना-बार्बेरांचा सगळा संग्रह विकत घेतला, आणि तो दाखवायला १९९२ साली कार्टून नेटवर्क काढलं. कोठारात हजारो तासांची जुनी चित्रं. १९९४ साली तिथल्याच काहींनी 'स्पेस घोस्ट' या १९६६ सालच्या नायकाची जुनी रेखाचित्रं कापून-चिकटवून त्याला मुलाखतकार बनवलं. (तो नायकही टोथचाच. बिचारा टोथ.) त्याच सुमारास, १९९५ साली, अ‍ॅडम रीड आणि मॅट थॉम्प्सन हे तिथे पडेल ते काम करणारे दोन तरुण मदतनीस होते. त्यांच्या हाती 'सीलॅब २०२०' ची एक टेप लागली. त्यांनी तिच्यावर नवे संवाद लिहिले. वरिष्ठांना ते विनोदी वाटले नाहीत. दोघांनी नोकरी सोडली. पाच वर्षांनी तीच टेप घेऊन पुन्हा बसले, आणि या वेळी चित्रांनाही हवं तसं वागायला लावलं. नेमकं तेव्हाच कार्टून नेटवर्कला मोठ्यांसाठी रात्रीचा विभाग काढायचा होता. डिसेंबर २००० मध्ये पहिला भाग गुपचूप, पहाटेच्या वेळी दाखवला गेला, आणि सप्टेंबर २००१ मध्ये 'अ‍ॅडल्ट स्विम' रीतसर सुरू झालं.

हे तंत्र कसं जमलं ते बघण्यासारखं आहे. जुन्या चित्रांत माणसं नुसती उभी आहेत, ओठ हलतायत, चेहऱ्यावर भाव एकच, गंभीर. १९७२ साली ती काटकसर होती. तीस वर्षांनी त्याच निर्विकार चेहऱ्यातून मूर्ख वाक्यं आली की हसू आवरत नाही. नटाने चेहरा मख्ख ठेवून विनोद केला की तो दुप्पट होतो, हे आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्यालाही माहीत असतं. इथे तर नट हलूच शकत नव्हते. एका भागात तर वीज जाते आणि कॅमेरा संपूर्ण भागभर प्रयोगशाळेच्या बाहेरच थांबतो. दिसते फक्त काळोखातली इमारत, आत चाललेली भांडणं नुसती ऐकायची. यापेक्षा स्वस्त काय असणार!

आवाजांची निवडही तशीच आचरट. स्टॉर्मीचा आवाज एका वर्तमानपत्रातल्या स्तंभलेखकाचा. मार्को नावाच्या पात्राला आवाज १९७०-८० च्या दशकातला टीव्हीचा लाडका नायक एरिक एस्ट्राडा याचा, आणि त्या पात्राच्या लांबलचक नावात गॅब्रिएल गार्सिया मार्केझ हा अख्खाच्या अख्खा घातलेला. कॅप्टन मर्फी मात्र हॅरी गोझ. हा ब्रॉडवेचा मुरलेला नट, 'फिडलर ऑन द रूफ' मधला तेव्ये रंगवलेला. भारदस्त, खर्जातला, आजोबांसारखा आवाज, आणि त्या आवाजात बालवाडीतला हट्ट. बाकी सगळे विनोद लिहिलेले वाटतात, गोझचे वाटत नाहीत.

'७२११' नावाचा एक भाग आहे, तो मला सगळ्यात विचित्र वाटतो. त्यात त्यांनी १९७२ च्या मालिकेतल्या एका भागाची संहिता घेतली, आणि नव्या नटांकडून जवळजवळ तशीच्या तशी म्हणवून घेतली. विनोद नाही, चिमटा नाही. आपण वाट बघत राहतो की आता कुणीतरी वेडेपणा करेल, आणि ते आपली जबाबदारीने, एकमेकांना सांभाळत, संकटातून वाट काढत राहतात. थट्टा करणाऱ्यांना मूळ मालिकेबद्दल काय वाटत होतं याचा मला वाटतं हाच एक पुरावा आहे. नुसता तिरस्कार असता तर हे सुचलं नसतं.

सप्टेंबर २००३ मध्ये हॅरी गोझ कर्करोगाने गेला. ज्या मालिकेत सगळे दर थोड्या दिवसांनी स्फोटात मरतात आणि परत येतात, तिथे एकजण खरोखर परत येणार नव्हता. दुसऱ्याकडून मर्फीचा आवाज काढून घेणं अवघड नव्हतं, कार्टूनमध्ये ते सर्रास होतं. त्यांनी तसं केलं नाही. मर्फीला मालिकेतून निरोप दिला आणि त्याच्या जागी टॉर्नेडो शँक्स नावाचा नवा कॅप्टन आणला. त्याचा आवाज हॅरीचा मुलगा मायकेल गोझ याचा. मुलगा चांगलाच होता, पण मालिकेतली हवा गेली ती गेलीच. एप्रिल २००५ मध्ये ती बावन्न भाग होऊन संपली.

पुढे खरं २०२० साल उजाडलं. समुद्रतळावर अडीचशे माणसांची वसाहत कुठेच नव्हती. त्याऐवजी जगभरातली माणसं आपापल्या घरांत कोंडून पडली आणि एकमेकांवर खेकसत बसली. २०२१ मध्येही तेच. भविष्य वर्तवण्यात कुठल्या मालिकेचा नेम जवळ लागला, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पहिल्या 'सीलॅब' चा खरा लोखंडी डबा फ्लोरिडात पनामा सिटी बीच इथल्या संग्रहालयात ठेवलाय. आणि रीड-थॉम्प्सन या जोडीने पुढे 'आर्चर' ही गाजलेली मालिका काढली. तिच्या चौथ्या मोसमाच्या शेवटी, २०१३ साली, गोष्ट समुद्रतळावरच्या एका प्रयोगशाळेत जाते. तिथला प्रमुख कॅप्टन मर्फी, आवाज जॉन हॅमचा. समुद्रात होणारं प्रदूषण थांबवा, नाहीतर शहरांवर विषारी वायू सोडतो, अशी त्याची धमकी असते. म्हणजे १९७२ चा सज्जन कॅप्टन शेवटी चिडला म्हणायचा. आणि त्याचा शेवट होतो तो अंगावर शीतपेयाचं मशीन पडून.